बर्फाचं कारण

फ्रीजरमध्ये पुन्हा बर्फाचा डोंगर साचला होता आणि खाली ठेवलेलं दूध नासत होतं. "दार उघडं टाकतेस, दुसरं काय!" हे सासूबाईंचं पालुपद ऐकून सुनेचे कान किटले होते. आता तर त्यांनी फ्रिजला लावायला कुलूपही आणलं होतं. सुनेने मेकॅनिकला बोलावलं आणि दाराचं सगळं रामायण सांगितलं. "दादा, काहीही करा, पण आज खरं कारण शोधून द्या."

त्याने बर्फ वितळवला, फ्रीजरचं मागचं झाकण काढून बर्फ वितळवणारा हीटर तपासला. तो ठणठणीत होता. सुनेचा जीव टांगणीला लागला.

झाकण परत बसवताना तो एकदम ओरडलाच, "सापडलं! ताई, गार हवा फिरायची ही फट कोणीतरी चिंध्या कोंबून गच्च बुजवलीय! हवा अडली की बर्फ साचणारच. तुमच्या दाराचा काही संबंध नाही!"

सून नाचायचीच बाकी राहिली. "आई, लवकर या!" तिने घर डोक्यावर घेतलं. सासूबाई धावत आल्या, तशी तिने चिंध्यांचा बोळा त्यांच्यासमोर नाचवला. "बघा! बर्फ ह्याच्यामुळे साचत होता! आता सांगा, फटीत हे कोणी कोंबलं?"

"मी!" सासूबाई तिच्याहून दुप्पट उत्साहाने म्हणाल्या. "अगं, त्या फटीतून नुसती थंडी वाया जायची. तू दार उघडं टाकणार, मग घरात कोणीतरी काळजी घ्यायला नको?"