उसना दशक

“पस्तीस!” बेचाळीसातून सतरा वजा करून मंजिरीने पुन्हा तेच उत्तर दिलं.

तांडेलबाई रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गात नवीनच आलेली, समोरच्याच्या मनातलं दाखवणारी मनपट्टी डोक्याला लावली आणि मंजिरीच्या मनातली वजाबाकी त्यांना लख्ख दिसली. दोनाच्या ताटलीत दोनच चिंचोके होते. त्या बिचाऱ्याकडे सात कसे मागायचे, म्हणून पोरीने सातातूनच दोन काढले होते. आणि बावीस वर्षं बाई याला धांदरटपणा म्हणत आल्या होत्या!

पट्टी काढून त्या म्हणाल्या, “अगं, शेजारी चार दशक आहेत. त्यातला एक उसना घे की!”

“मग... पंचवीस!” मंजिरी हरखली, पण लगेच गंभीर झाली. “बाई, तो दशक परत कधी द्यायचा?”

बाईंनी पट्टी पुन्हा डोक्याला लावली.