गाण्यातला खोकला

सुई तिसऱ्या पानातून आरपार गेली आणि बाइंडरच्या तोंडून गाणं सुरू झालं.

दाराशी उभ्या असलेल्या बाइंडरीणबाईंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. सकाळपासून तीनदा बजावलं होतं, आजचा एक दिवस गाणं नको. पण हातात सुई आली की ह्या माणसाचं तोंड आपोआप चालू व्हायचं. आणि गाणं तरी कोणतं? नदीपलीकडच्या देशाचं, त्यांच्या मायभूमीचे गोडवे गाणारं. नेमके त्याच देशाचे पाहुणे समोर खुर्चीवर बसले होते.

बाईंचा मुलगा आणि पाहुण्यांची मुलगी एकाच इस्पितळात एक्स-रे काढायचे. दोघांना लग्न करायचं होतं. तेहेतीस वर्षांपूर्वी हेच दोन देश नदीच्या दोन काठांवर एकमेकांवर बंदुका रोखून बसले होते. म्हणून पाहुण्यांनी येण्याआधी एकच गोष्ट विचारून घेतली होती, मुलाचे वडील लढाईत होते का? मुलानं बेधडक ठोकून दिलं होतं, होते, पण कोठारात, कांबळी वाटायला. खरं तर बाइंडर दहा महिने नदीकाठच्या चौकीवर होता. त्याबद्दल त्यानं घरात कधी चकार शब्द काढला नाही आणि बाईंनीही कधी खोदून विचारलं नाही. होकार की नकार, ते सांगून पाहुणे आज पाचच्या गाडीनं परत जायचे होते.

चहापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग पाहुण्यांनी पिशवीतून एक वही काढली. त्यांच्या वारलेल्या बायकोनं लिहिलेली, स्वयंपाकाची, पानं सुटी झालेली. त्यांना इकडची भाषा येत नव्हती. ही नीट होईल का, असं मुलीनंच त्यांच्या वतीनं विचारलं. सुटी पानं बघून बाइंडरला राहवतंय थोडंच. त्यानं तिथल्या तिथे पुठ्ठे बाजूला सारले आणि दोरा ओवला.

आता पाहुणे टक लावून त्याच्याकडे बघत होते. आपली टर उडवतोय असं वाटलं असणार, बाईंना वाटलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवली.

आणि तेही गायला लागले.

बाइंडर दचकला, पण हात थांबला नाही. दोन म्हाताऱ्यांचे सूर बऱ्यापैकी जुळले. बाईंच्या जिवात जीव आला. शेवटून दुसऱ्या ओळीवर बाइंडर नेहमीसारखा दोनदा खोकला, अगदी तालात. पाहुणे खो खो हसत सुटले.

"आमचे बाबा म्हणतात, गाण्यात खोकला नाहीये," मुलगी हसत म्हणाली.

बाईंनाही हसू आलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तो गाण्यातलाच आहे. पोराला मांडीवर घेऊन त्यांनी हे गाणं म्हटलं होतं, खोकल्यासकट. पोरगं तर बोलायच्या आधी त्या जागी खोकायला शिकलं. नवरा हे रेडिओवर शिकला, असं त्यांनीच शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं.

पाहुण्यांनी हातानं खूण केली, आता शेवटची ओळ. बाइंडरनं नुसता पुढचा टाका घातला. तो रोज इथेच थांबायचा.

"एकच तर ओळ राहिलीये, काका," मुलगी म्हणाली. "रेडिओवर पूर्ण लागायचं की."

"रेडिओवर नाही ऐकलं मी."

मुलानं घाईघाईनं गाडीच्या वेळेचा विषय काढला. बाईंनी चहा गरम करून आणते म्हटलं. बाइंडरनं दोघांकडेही पाहिलं नाही. त्यानं सुई पानात तशीच खोचून ठेवली.

"नदीपलीकडे एक जण होता," तो मुलीला म्हणाला. "रोज दिवेलागणीला गायचा. छाती भरलेली असावी, त्या ओळीला खोकायचा. अर्थ कळायचा नाही, पण मला फार आवडायचं. इतकं की पाठ झालं. मग वरून हुकूम आला, तो आवाज बंद करा. अंधारात दिसायचं काहीच नाही. पण खोकला कधी येणार, ते आख्ख्या चौकीत मला एकट्यालाच ठाऊक होतं." त्यानं वहीवरचा हात उचलला. "शेवटची ओळ त्यानं त्या दिवशी म्हटली नाही. मी कोठारात नव्हतो, पोरी. हे तुझ्या वडिलांना सांग."

मुलीनं बाईंच्या मुलाकडे पाहिलं. तिनं काहीही सांगितलं असतं तरी खोलीत कुणाला कळलं नसतं. काहीतरी दुसरं सांग गं बाई, बाईंनी मनातल्या मनात तिचे पाय धरले.

मुलगी वडिलांशी हळू आवाजात बोलू लागली. बाईंना एक अक्षर समजत नव्हतं. मग बोलता बोलता मुलगी दोनदा खोकली, आणि तिनं सगळं सांगितलं हे बाईंना कळलं.

पाहुणे उठले. टेबलापाशी आले. अर्धवट शिवलेल्या वहीवर त्यांनी हात ठेवला. आता वही उचलतील आणि चालू लागतील, म्हणून बाई दारातून बाजूला झाल्या. पाहुण्यांनी ती राहिलेली ओळ म्हटली. एकदा, मग पुन्हा, सावकाश, शब्द सुटे करून. तिसऱ्यांदा बाइंडरनं त्यांच्यामागून म्हटली. त्याचा आवाज फाटला.

पाहुण्यांनी वही त्याच्याकडे सरकवली आणि मुलीला काहीतरी सांगून ते खुर्चीत बसले.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

मुलीनं डोळे पुसले.

"म्हणतात, नातवंडांना गाणं पूर्ण शिकवा. खोकल्यासकट."