नळीच्या दुसऱ्या टोकाला

खिडकीबाहेर नदीवर हिरवट धुकं चढू लागलं आणि मॅलरीची नजर तिथेच खिळली. हेच ते धुकं! याच धुक्यातून नावेनं नदी ओलांडताना ती अडीचशे वर्षं मागे, कनेक्टिकटमधल्या या खेड्यात येऊन पडली होती. तेव्हा अंधार पडताच ते विरलं होतं. आसाहेलला घेऊन पळायचं तर आत्ताच.

पण त्याला सांगायचं कसं? शेकोटीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मध्ये त्याचे आईवडील पहाऱ्याला. लग्न ठरू घातलेल्या जोडप्यानं बोलायचं ते सगळ्यांदेखत, या लांब पोकळ लाकडी नळीतून. एकानं तोंड लावायचं, दुसऱ्यानं कान.

"काय गं, नुसतीच नळी धरून बसलीयस?" पाइप ओढता ओढता आसाहेलचा म्हातारा बाप म्हणाला. "आमच्या वेळी ही हुल्डा एवढं बडबडायची की नळी तापायची."

"तुमचंच डोकं तापायचं," मोजे विणता विणता हुल्डा म्हणाली. म्हातारा खुशीत हसला आणि लगेच पेंगायला लागला.

मॅलरीनं डोळे घट्ट मिटून नळीला तोंड लावलं. "आसाहेल, हसू नकोस. मी बॉस्टनची नाही. मी पुढच्या काळातली आहे, अडीचशे वर्षं पुढच्या. सात वर्षांनी इथं लढाई पेटेल, राजाच्याच फौजेशी. आमच्या काळात चर्चसमोर एक दगड आहे, त्यावर या लढाईत मेलेल्यांची नावं आहेत. पहिलं नाव तुझं. मी बोट फिरवलंय त्यावरून. चल माझ्याबरोबर, आत्ता, या धुक्यातून. मला तू हवा आहेस रे, तुझं नाव नको."

मग तिनं कान लावला.

"तू आलीस तेव्हा अंगात होतं ते जाकीट मी जाळलं, पोरी," नळीतून बाईचा आवाज आला. "त्याच्या छातीवरचे, एका ओढीत मिटणारे ते लोखंडी दात कुणी बघितले असते तर गावानं तुला चेटकीण ठरवलं असतं. तू इथली नाहीस हे मला तेव्हाच कळलं."

मॅलरीनं डोळे उघडले. आसाहेल नळी आईच्या हातात देऊन, शीळ घालत शेकोटीत लाकूड सारत होता.

संपलं सगळं. एकुलता एक मुलगा कुठली आई असा देऊन टाकेल?

"पहिलंच नाव?" हुल्डानं विचारलं.

मॅलरीनं मान डोलावली. हुल्डा बराच वेळ शेकोटीसमोर वाकलेल्या त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा नळी उचलली.

"तुला तर साधी पेजसुद्धा करता येत नाही."

"त्याला शिकवेन... म्हणजे, तोच मला शिकवेल," मॅलरी गडबडून म्हणाली.

हुल्डा हसली. डोळे भरलेले असतानाच हसली. तिनं मुलाला जवळ बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ही काय म्हणते ते ऐक. आणि ऐकल्यावर माझ्याकडे बघायचं नाही."

मॅलरीनं नळीतून सगळं पुन्हा सांगितलं. आसाहेलनं ऐकलं. त्याचे कान लालबुंद झाले.

"म्हणून बॉस्टनचं काही विचारलं की तुला खोकला यायचा!" तो नळीबिळी विसरून म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. बाहेरचा उजेड कमी होत होता. आता हा आईकडे वळणार, मॅलरीला वाटलं. पण तो तिच्याकडेच बघत राहिला, आणि बूट चढवायला खाली वाकला.

मॅलरीला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. ती झगा सावरत दाराकडे धावलीच. आसाहेलनं कोट अंगात चढवला. गळ्याजवळचं बटण आईनंच लावलं, आणि तेवढ्यातही तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला.

"काय, ठरलं का?" म्हातारा दचकून जागा झाला.

"ठरलं," हुल्डा म्हणाली. "नदीपर्यंत फिरून येतायत."

"अगं मग सायडर काढ की!"

मॅलरीनं आसाहेलचा हात घट्ट धरला. दार ओढून घेताना तिला दिसलं, हुल्डा टेबलावर पेले मांडत होती. चारही.