औशाचा राजा

"चुलत्याची ड्युटी खजिन्यावर लावू का किल्ल्यावर?" सटवाजींनी पलंगावरूनच हाक दिली.

"तुमच्या चुलत्याला जाऊन वीस वर्षं झाली," केवळाबाई म्हणाल्या.

"खेळातल्या चुलत्याची विचारून राहिलो गं!"

"जळो तुमचा खेळ. सहा वाजले, म्हशी खोळंबल्यात." बादली उचलून त्या गोठ्याकडं गेल्या.

सटवाजी लोह्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या, कुणाचं रडगाणं ऐकलं नाही. रिटायर झाले आणि दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तर केवळाबाईंनी त्यांचं आधार कार्ड पुढं केलं. ऑपरेशन झालं, आणि पुढं तीन महिने पलंग.

ज्याची ड्युटी लावावी असं माणूसच उरलं नाही. म्हातारा नुसता चिडचिडा झाला. तेव्हा पुतण्या सत्यम नांदेडहून आला आणि मोबाइलमध्ये हा खेळ टाकून गेला. जुन्या काळचं राज्य; आजूबाजूची राज्यं दुसरी माणसं आपापल्या मोबाइलवर चालवणार. घराण्यातल्या माणसांना कामं द्यायची, लग्नं जुळवायची, रुसवेफुगवे काढायचे. कुणाला फार दिवस लांब ठेवलं की त्याची माया आटते आणि राज्य हातचं जातं. काकांना हे शिकवायला सत्यमला दहा मिनिटं लागली. मग काकूच्या हातचा चहा प्यायला आत गेला, तो तासाभरानं बाहेर आला.

नावं आपली आपण द्यायची होती. सटवाजींनी राजाला स्वतःचं नाव दिलं, युवराजाला हरिओमचं, आणि पहिल्याच दिवशी युवराजाची ड्युटी सरहद्दीच्या किल्ल्यावर लावून टाकली.

खरा हरिओम, त्यांचा मुलगा, लातूरला एका दवाखान्यात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच नर्सशी, धम्मप्रियाशी, कोर्टात लग्न केलं. "या घरात तिचं नाव काढायचं न्हाई," सटवाजी गरजले होते. "मग माझंबी काढू नका," म्हणून पोरगा निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. पाय मोडला तरी सटवाजींनी त्याला कळवू दिलं नाही. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, की मान मात्र आपोआप दाराकडं वळायची. पोराची आठवण आली नाही असा एक दिवस जात नव्हता.

महिनाभरात खेळात शेजारी एक नवं राज्य उगवलं. नाव औसा. सटवाजींनी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं. औसा म्हणजे हरिओमचं आजोळ! सुट्टीभर पोरगं तिथल्या किल्ल्यातच पडलेलं असायचं. आणि लातूरपासून असं कितीसं लांब? दुसरं कोण असणार!

औशाचा राजा वेगळाच होता. आपणहून लढाई काढायचा नाही. कोठारं कायम भरलेली. सटवाजींकडं दुष्काळ पडला की न मागता धान्याच्या गाड्या पाठवायचा. त्याच्या राजकन्येचं लग्न झालं तेव्हा दोस्तीच्या रिवाजानं सटवाजींच्या मोबाइलात नगारा वाजला, तर गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. औशाकडं नगारा वाजावा असं सटवाजींच्या राज्यात मात्र काही घडतच नव्हतं.

एक गोष्ट त्यांना खुपायची. बाकीचे राजे निरोप धाडताना लिहीत, 'सटवाजी महाराजांस'. हा लिहायचा, 'युवराजांच्या वडिलांस'. नाव कधीच नाही.

"नाव घ्यायलाबी तयार न्हाई. लई राग हाय त्याच्या मनात."

"कुणाच्या?" केवळाबाई गोळ्या घेऊन उभ्या होत्या.

"सोड. तुला न्हाई कळायचं त्यातलं."

केवळाबाईंनी गोळ्या दिल्या आणि त्या आत गेल्या. आतून भजन सुरू झालं. सत्यमनं त्यांना भजनं ऐकायला आपला जुना मोबाइल दिला होता.

जानेवारीत खेळातल्या युवराजानं किल्ल्यावर परस्पर लग्न उरकलं. सुनेचं नाव लिहून मान्यतेचं बटण दाबलं की ती वंशावळीत येणार होती. सटवाजींनी दाबलं नाही. खेळातबी पोरगं असंच निघालं म्हणून दोन दिवस धड जेवले नाहीत.

मग किल्ल्याला वेढा पडला. युवराजाची माया पार आटलेली, फौज जागची हलेना. औशाची फौज धावून आली तेव्हा कुठं किल्ला वाचला. मागोमाग निरोप आला.

'युवराजांच्या वडिलांस. सूनबाईला घरात घ्या. तुम्ही झुरता, युवराजही झुरतात. कुणीतरी आधी बोलायला पाहिजे. तुम्ही थोरले आहात.'

सटवाजी ढसाढसा रडले. मग डोळे पुसून त्यांनी लातूरला फोन लावला. "तुझा निरोप मिळाला. चुकलं माझं. सूनबाईला घेऊन ये."

पलीकडून हरिओम म्हणाला, "येतो, बाबा."

रविवारी दोघं आले. धम्मप्रियानं पाया पडता पडताच सासऱ्याच्या पायाखालची उशी नीट केली. केवळाबाईंनी भजन बंद करून तिची ओटी भरली. सटवाजींनी सुनेपुढं मोबाइल धरला.

"या घरात तुझं नाव काढू दिलं न्हाई मी. आता तुझ्या हातानं लिही."

"हे काय आहे, बाबा?" हरिओमनं विचारलं.

"आता कशाला सोंग करून राहिलास? औशाचा राजा तूच ना?"

"कोण राजा? मला दवाखान्यातून जेवायला सवड न्हाई, अन् खेळ कुठला?"

"मग तो निरोप?"

"मला काय ठाऊक! तुम्ही निरोप मिळाला म्हणालात. कुणीतरी मधे पडलं असंल, उगं विचारून मोडायचं कशाला, म्हणून गप बसलो."

धम्मप्रियानं तोवर नाव लिहून बटण दाबलं होतं. वंशावळीत हरिओमशेजारी तिचं नाव उमटलं.

सटवाजींचा मोबाइल गप्प होता. नगारा वाजला तो स्वयंपाकघरात, ज्वारीच्या डब्यामागं.