टेकडीची बाजू

पेनल्टी मिळाली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती आणि सीझनच्या शेवटच्या मॅचची दोनच मिनिटं उरली होती. उत्कर्षाने बॉल ठिपक्यावर ठेवला आणि गोलच्या बाजूला, रेषेबाहेर उभ्या असलेल्या नीरजाकडे पाहिलं. कुठे मारू, असं भुवयांनीच विचारलं.

नीरजाच्या कडेवर दीड वर्षाची स्पृहा होती आणि खांद्याला दुपटी-बाटल्यांची पिशवी. कॉलेजच्या जिमखान्यातल्या विक्रमांच्या फळ्यावर सहा वर्षं तिचं नाव होतं. मुलींचा संघ, एका सीझनमध्ये अकरा गोल. उत्कर्षाचेही आता अकरा झाले होते.

यंदाची एकही मॅच नीरजाने चुकवली नव्हती. स्पृहाला बागेत नेते, असं सासूबाईंना सांगून ती यायची. काय हिचं कॉलेजवर प्रेम, असं सगळे म्हणायचे. ती मात्र उत्कर्षाचा प्रत्येक शॉट बारवरून जावा, याचीच वाट पाहत असायची. पोरगी गोल मारायचीच. त्यात हिंजवडीच्या कंपनीत कॅम्पसमधूनच नोकरी लागलेली. पोट सपाट, गुडघे शाबूत. फायनलला जुन्या कॅप्टनने नव्या कॅप्टनच्या दंडाला पट्टी बांधायची, हा या संघाचा रिवाज. कोच रंगनाथ सरांनी आज नीरजालाच पुढे केलं, तेव्हा तिने ती जरा जास्तच आवळली होती. "ताई, रक्त थांबेल हो," उत्कर्षा हसून म्हणाली होती.

समोरची कीपर हातमोजे झटकत उभी होती. त्यांच्या सेमीफायनलच्या टायब्रेकरमध्ये, याच गोलमध्ये, नीरजाने तिला नीट पाहून ठेवलं होतं. गोलच्या एका बाजूला टेकडी होती, दुसऱ्या बाजूला रस्ता; पाचही वेळा कीपर टेकडीच्याच बाजूला झेपावली होती. रस्त्याकडची बाजू सताड उघडी. बाकी कुणाच्या हे लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

"सांग गं तिला. तुला कळतं," सर मागून म्हणाले.

नीरजाने मोकळा हात उचलला आणि सरळ टेकडीकडे दाखवला.

शिट्टी झाली. उत्कर्षा धावली. कीपर टेकडीकडे झेपावली आणि बॉल रस्त्याकडच्या कोपऱ्यातून जाळीत गेला.

मॅच संपली तशा पोरी उत्कर्षावर तुटून पडल्या. त्यांच्यातून सुटून ती थेट नीरजाकडे आली आणि घामाने निथळत तिच्या गळ्यात पडली.

"काय गंडवलंत तिला, ताई. इतकं उघड दाखवताय म्हटल्यावर मला कळलंच, ही खूण माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी आहे."

उत्कर्षाने स्पृहाला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. तोवर ती गोष्ट सगळ्या संघात पसरलीसुद्धा. सरांनी नवा डिजिटल कॅमेरा काढला आणि सगळ्यांना गोलसमोर उभं केलं. नीरजाला मधोमध. फोटोत प्रत्येकीने ताईंसारखाच हात करायचा, असं पोरींनी परस्पर ठरवून टाकलं.

सगळे हात टेकडीकडे गेले. उत्कर्षाच्या खांद्यावर बसलेल्या स्पृहाचाही गेला.

सर कॅमेरा धरून खोळंबले होते.

"नीरजा, हात वर कर. तुझ्यामुळेच तर काढतोय हा फोटो."

नीरजाची मूठ पिशवीच्या पट्ट्यावरून सुटत नव्हती.