डॉक्टर नको, कोच चालेल

"डॉक्टर नको म्हणजे नको!" रदवाच्या आईने, सुहेरने, चहाचा ग्लास टेबलावर आपटला. "कोच चालेल. कोचकडे जाणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही."

रदवाने टेबलावर सांडलेला चहा पुसला. वडील गेल्यापासून तिचं हे असं होत होतं. लिफ्टचं दार बंद झालं की छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना. बँकेच्या सहाव्या मजल्यावर ती रोज जिन्याने चढायची. मग कोणालाही न सांगता ती दुक्की भागातल्या डॉक्टर मनाल नावाच्या थेरपिस्टकडे जाऊ लागली. चार महिने, दर मंगळवारी. परवा पहिल्यांदा ती लिफ्टने तीन मजले चढली आणि आनंदाच्या भरात आईला सगळं सांगून बसली. तिथेच चुकलं.

कारण त्याच आठवड्यात स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनियर, नाव यह्या, नस्र सिटीत स्वतःचा फ्लॅट. निरोप शेजारच्या इन्शिराहने आणला होता. मुलाने रदवाला कुठेतरी पाहिली आहे आणि त्याला तीच हवी आहे. कुठे पाहिली ते सांगायला मात्र तो लाजतो.

"बँकेत पाहिली असेल, दुसरं काय," सुहेर म्हणाली होती.

मुलाची आई महिन्याभरात येणार होती. तोवर चौकशी होणार, हे सांगायला कोणी लागत नाही.

"दारवान अतियाला विचारतील, इस्त्रीवाल्याला विचारतील, वाण्याला विचारतील," सुहेर म्हणाली. "आणि तू जाऊन बसतेस कुठे, तर जिथे कंपाउंडर सगळ्यांदेखत नाव पुकारतो तिथे! पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात."

"आई, मला बरं वाटतंय गं तिथे."

"लग्न झाल्यावर वाटून घे बरं."

मंगळवार बंद झाले आणि लाइफ कोच सुहेरनेच शोधली. नर्मीन तिचं नाव. क्लबच्या हिरवळीवर छत्रीखाली लिंबूसरबत पीत ती लोकांची आयुष्यं मार्गी लावायची. तिच्याकडे कोणी आजारी नसायचं, सगळे 'प्रवासात' असायचे. सुहेरला ते फार आवडलं. प्रवासाला जाण्यात कसली आलीय बदनामी? नर्मीनने रदवाला रोज सकाळी आरशात बघून 'मी राणी आहे' असं दहा वेळा म्हणायला सांगितलं.

तिसऱ्या खेपेनंतर आईने हळूच विचारलं, "काय म्हणते आमची राणी?"

"राणी जिन्यानेच चढते," रदवा म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

सुहेरला ते लागलं. पोर पुन्हा सुकत चाललीय, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याच्या मागे या एकुलत्या एका लेकीचं घर उभं राहावं, एवढाच तिला ध्यास होता. एकदा अंगठी बोटात पडू दे, मग मी स्वतः हिला डॉक्टरकडे घेऊन जाईन, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

मग बसबूसाच्या, रव्याच्या गोड वड्यांचं भरलेलं ताट घेऊन ती खाली अतियाकडे गेली.

"कोणी विचारलं तर काय सांगाल?"

"आपली रदवाबाई साध्या डोकेदुखीलासुद्धा डॉक्टरची पायरी चढत नाही, मादाम. माझ्या लेकरांची शपथ!" अतियाने ताट आत ठेवूनच शपथ घेतली.

गुरुवारी दुपारी मुलाची आई, इज्लालबाई, एकट्याच आल्या. पहिल्या भेटीला बायकाच येतात. केकचा मोठा डबा, साधा करडा पोशाख. पडदे, काचेची कपाटं याकडे त्यांनी पाहिलंही नाही, याचं सुहेरला नवल वाटलं. रदवा सरबताचा ट्रे घेऊन आली तेव्हा त्या तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"किती गोड आहे हो!" त्या म्हणाल्या. मग पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत हळू आवाजात बोलल्या, "एक विचारू? राग मानू नका. तुमचा दारवान म्हणाला, मुलगी कुठल्याच डॉक्टरकडे जात नाही. आम्ही जरा वेगळं ऐकलं होतं. मनाचे डॉक्टर असतात ना, तसं काही."

आली मुद्द्यावर, सुहेर मनात म्हणाली.

"जळतात हो लोक," ती हसली. "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. पोरीने त्या दवाखान्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. तिच्या बापाच्या कबरीची शपथ."

इज्लालबाई रदवाकडे वळल्या. "पोरी, तूच सांग. खरं काय ते सांग, मी कोणाला काही बोलणार नाही."

रदवाने आईकडे पाहिलं. सुहेरची नजर तिच्यावरच रोखलेली होती.

"नाही, मावशी," रदवा म्हणाली. "मी कधीच गेले नाही. मी कोचकडे जाते."

इज्लालबाईंनी मोठा श्वास सोडला. सुटलो एकदाचे, असं सुहेरला वाटलं. तिने केकसाठी बशा पुढे ओढल्या.

पण बाई उठल्या होत्या. सरबत तसंच होतं. त्यांनी रदवाच्या गालावरून हात फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माफ करा, आमचंच घर चुकलं. यह्याने मुलगी पाहिली होती, पण पत्ता आम्ही पुकारलेल्या नावावरूनच शोधला; त्याच नावाची दुसरी कोणी असेल. हिच्यापासून मला काही लपवावं लागणार नाही, म्हणून हीच हवी, असं म्हणत होता तो. त्याने पाहिलेली मुलगी डॉक्टर मनालकडे यायची हो, मंगळवारी, यह्याच्या आधीचा नंबर तिचा असायचा."