खडकावरचं पाऊल

पाहुण्यांना वाट दाखवत मी ज्या दरीतून नेते, तिथल्या सपाट खडकावर उंटवाल्या फराजने गेल्या वर्षी आपलं पाऊल कोरलं. आम्हा बेदुइनांत मागणी अशीच घालतात. बाईला पसंत असेल तर ती शेजारी आपलं पाऊल कोरते. पण फराज इतका लाजला, की त्याने ती वाटच सोडली.

आज दुसरा उंटवाला मिळेना, म्हणून पाहुण्यांचं सामान घेऊन त्याला माझ्याबरोबर दरीत उतरावंच लागलं. खडक दिसताच तो उंटाच्या आड झाला.

“चहाला इथेच थांबू,” मी म्हटलं.

“पुढे थांबू की, हमदा. इथे सावली नाही.”

“डोक्यावर एवढा कडा, आणि म्हणे सावली नाही! ये इकडे.”

तो मान खाली घालून आला. मान खालीच होती म्हणून त्याला दिसलं. त्याच्या पावलाला खेटून एक लहान पाऊल होतं, रेघांत वर्षभराची वाळू भरलेली.

“हे... कधी?”

“तू पळालास त्याच दुपारी,” मी किटली त्याच्या हातात दिली. “टाचेची रेघ अर्धीच सोडली होतीस. तीही मीच पुरी केली.”